कापलेले कोपरे

लढाईच्या त्या वर्षांत मी भोकरदनला शाळामास्तर होतो आणि मला एकच वेड होतं. केदारखेड्याचा एक हवालदार आफ्रिकेच्या वाळवंटात जखमी साहेबाला पाठीवर घेऊन गोळीबारातून चालत आला होता. त्याला मोठं पदक मिळालं, त्याचा फोटो जालन्यात मस्तगडच्या दुकानांतसुद्धा लागला. त्याचं जे मिळेल ते मी गोळा करायचो. वर्तमानपत्रातली कात्रणं, त्याची शाळेतली फुटकी पाटी, वर्दीचं एक पितळी बटण. बायको म्हणायची, घरात माणसांना बसायला तरी जागा ठेवा. मी कशाला ऐकतोय.

खरा ऐवज त्याच्या आईकडे होता. फौजेतून आलेली त्याची कार्डं. तिला वाचता येत नव्हतं, थोरल्या मुलालाही नाही. म्हणून आलेलं प्रत्येक कार्ड घेऊन ती बाजाराच्या दिवशी माझ्याकडे यायची. मी वाचायचो, ती डोळे मिटून ऐकायची. आठ दिवसांसाठी सगळी कार्डं मागितली तेव्हा तिनं दिली, पण हात लवकर मागे घेतला नाही.

"बराबर परत करा, मास्तर. त्याच्या जागी माझ्यापाशी एवढंच हाये."

मी मजकूर उतरवून घेतला. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर फौजी तपासणीचा गोल शिक्का होता, त्याचा मोह मात्र आवरला नाही. अक्षराला धक्का न लावता मी ते कोपरे कात्रीनं कापले आणि वहीत डकवले. कार्डं फडक्यात बांधून बाजाराला आलेल्या एका गाववाल्यासोबत पाठवून दिली. त्या दिवशी मी मोठ्या खुशीत होतो.

पुढच्या बाजाराला कळलं, हवालदार गेला. दहाव्याला मी केदारखेडा गाठलं. नदीकाठी भावकी जमलेली, थोरल्याचं डोकं भादरलेलं. एरवी पिंड ठेवला की कावळ्याची वाट बघत ताटकळावं लागतं. इथे तो आधीच येऊन बसला होता. माणसं मागे सरायच्या आत तो शिवला आणि उडून गेला.

"तार कधी आली?" मी थोरल्याला विचारलं.

"तार कशाची? तुमीच धाडलं की. कोपरे कापलेली कार्डं आल्ती, समदीच्या समदी. उंबऱ्याच्या आत न्हाई घेतली. फाडून नदीत सोडली."

मरणाची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात आणि ते कार्ड घरात घेत नाहीत. हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझे वडील गेले तेव्हा नातेवाइकांच्या कार्डांचे कोपरे मीच फाडले होते. वेडाच्या भरात ते डोक्यातच आलं नाही, याची आजही लाज वाटते.

मी त्याच्या आईपुढे हात जोडले, सगळं कबूल केलं. म्हटलं, तुमचा मुलगा जिवंत आहे. ती रडली नाही, चिडलीही नाही.

"मंग कावळा कसा शिवला?"

त्यानंतर आलेली त्याची कार्डं, ही माझ्या लेकाची न्हाईत म्हणून, तिनं दारातूनच परत धाडली. लढाई संपल्यावर तो आला, धडधाकट. एका दुपारी शाळेच्या दारात उभा राहिला. ज्याचं बटणसुद्धा मी जपलं तो माणूस समोर होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"आई मला घरात घेत न्हाई," तो म्हणाला. "दारातच ताट देते. आधी माझे पाय पाहते, उलटे तर न्हाईत ना. म्हणते, माझ्या लेकाची कार्डं आण."

मी कोरी कार्डं आणली, उतरवलेला मजकूर त्यांवर लिहिला. त्यानं वहीतला एकेक कोपरा ओल्या बोटानं सोडवून त्या कार्डांना खळीनं चिकटवला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओसरीवर बसून सगळी कार्डं वाचली. तो उंबऱ्याबाहेर उभा होता. ती नेहमीसारखी डोळे मिटून ऐकत होती, कधी नव्हे ती हसलीसुद्धा. मला वाटलं, जमलं.

शेवटचं कार्ड संपलं. तिनं डोळे उघडले, बोटानं कोपऱ्यांचे जोड चाचपले आणि ती कार्डं पोटाशी धरली. दाराकडे तिनं पाहिलंच नाही.

"मास्तर," ती मला म्हणाली, "त्याचं पुढचं कार्ड कधी येईल?"