खोडायचं, पुसायचं नाही

आमची आत्या चूक कधी पुसत नसे. लालबागच्या एका पतपेढीत तिने जन्मभर खातेवह्या लिहिल्या आणि घरचा जमाखर्चही त्याच शिस्तीत ठेवला. आकडा चुकला की त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली बारीक सही. खोडरबराला घरात थारा नव्हता. "खोडायचं, पुसायचं नाही. चूक दिसलीच नाही, तर सुधारली हे कळणार कसं गो?"

पंचाहत्तरीनंतर तिचा हात थरथरू लागला, पेन धरवेना. हिशेब सुटला तर ही बाई खचेल, म्हणून मी तिला टॅब आणून दिला आणि एखादं साधं अ‍ॅप निवडून द्यायचं कबूल केलं. अवदसा आठवली, दुसरं काय! एका अ‍ॅपने खर्चाचं रंगीत वर्तुळ दाखवलं. "ही भाकरी कसली? शिल्लक सांग म्हणावं." दुसऱ्यात चिवड्याला रकानाच नव्हता, 'मनोरंजना'त घालायला ती तयार नव्हती. आणि सगळ्यांत एक बोट दाबलं की नोंद गायब. "अफरातफर करणाऱ्यांनी बनवलंय हे!" मी हात टेकले. शेवटी शेऱ्याला जागा असलेलं एक तिला पटलं. चुकीची नोंद तशीच ठेवून ती रक्कम उलटी जमेला घ्यायची आणि शेऱ्यात लिहायची, 'माझी चूक'.

पुढे एकाच दुधाची नोंद दिवसात तीनदा पडू लागली. शिल्लक जुळेना. पैशांचा डबा पालथा करून ती मोजत बसायची, रडकुंडीला यायची. मला बघवेना. दर रविवारी ती चहा टाकायला उठली की जास्तीच्या नोंदी मी गुपचूप पुसून टाकायचे. शिल्लक जुळली की काय हसायची!

एकदा चहा घेऊन आली ती खुशीतच. "विजेचं बिल दोनदा पडलंय, सकाळी माझं मलाच सापडलं. थांब, उलटी नोंद करते."

टॅबवर बिल एकच होतं. ती वर-खाली सरकवत राहिली. "कुठे गेली गो माझी चूक?"

"तूच पुसली असशील, आत्या," मी बोलून गेले.

"मी? पुसली?" ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मग टॅब माझ्याकडे सरकवला. "आता माझ्याच्याने नाही होणार. तूच बघ."

त्यानंतर किती रविवार गेले! एकदाही खरं सांगायचं धाडस झालं नाही मला. आता आत्या नाही, टॅब माझ्याकडे आहे. परवा ते पुसलेलं दुसरं बिल मी पुन्हा घातलं, उलटं जमेला घेतलं, शेऱ्यात 'माझी चूक' लिहिलं. सही कुठे करायची, ते मात्र सापडत नाही.