कुट्टीच्या तोंडावरचं झाकण

विद्यापीठानं आळेफाट्याच्या अलीकडं पत्र्याची भलीमोठी शेड उभी केली आणि तिच्यावर ‘मेकरस्पेस’ अशी पाटी लावली. पोरांनी तिथं यायचं, डोक्यातली कल्पना स्वतःच्या हातानं करून बघायची, असा त्यामागचा हेतू. इस्माईल शेख तिथं सहायक म्हणून लागले, पण ते नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही. ते अजूनही तिला ‘आपला कारखाना’च म्हणतात. पोरं भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवून तासन्‌तास चर्चा करत, आणि दुपार कलली की कोणीतरी हळूच येऊन विचारी, चाचा, हे दोन तुकडे तेवढे जोडून द्याल का? चाचा कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि जोडून देत. इथल्या पोरांना मिळालेल्या बक्षिसांपैकी निम्मी तरी त्यांच्या हाताची होती. पण प्रमाणपत्रावर सहायकाचं नाव घालायची पद्धत नसते, आणि त्यांनीही कधी तोंड वेंगाडून ते मागितलं नाही.

त्याआधीची तीस वर्षं त्यांची जुन्नरच्या बाजारपेठेमागं वेल्डिंगची टपरी होती. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे दांडे, गोठ्याची दारं, काय वाट्टेल ते काम तिथं यायचं. पण त्यांचं खरं नाव झालं ते कुट्टीसाठी. कुट्टी म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं विजेवरचं यंत्र. तोंडातून चारा आत सरकवायचा, आतली पाती तो कापून पलीकडं फेकतात. हात आत जाऊ नये म्हणून त्या तोंडावर कंपनी एक लोखंडी झाकण बसवून देते. वाळका कडबा त्या झाकणाखालून बरा सरकतो. उसाचे ओले वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पात, मात्र अडकतात. मग मोटार बंद करा, वाका, ओढून काढा, परत चालू करा. घरात दहा जनावरं असली की बाईमाणसाची कंबर मोडते. त्यावर या मुलखानं आपला एक रिवाज पाडून घेतला होता. नवी कुट्टी दुकानातून निघाली की थेट घरी जायची नाही. आधी इस्माईलच्या टपरीवर, झाकण कापायला. मग घरी, मग हळदकुंकू आणि नारळ.

यात वावगं कोणालाच दिसत नव्हतं, इस्माईलनाही नाही. उलट काम चोख करण्याचा त्यांना अभिमान होता. गॅस कटरनं झाकण उडवलं की कापलेली कड ते कानशीनं घासघासून गुळगुळीत करायचे. चारा घालताना बाईच्या हाताला ओरखडा उठू नये, एवढी त्यांना काळजी.

आठ वर्षांपूर्वी निमगाव सावाचे धर्माजी अशीच नवी कुट्टी टेम्पोत घालून आले. टेम्पोत पुढं त्यांची बायको साळुबाई बसली होती. धर्माजी जरा कचरले. कंपनीनं उगाच बसवलं नसेल, राहू द्यावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. साळुबाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, काढाच ते. ह्यांना काय, वाकायचं मलाच हाय.” धर्माजी हसले, इस्माईल हसले, आणि अर्ध्या तासात काम झालं. जाताना साळुबाईंनी पिशवीतली हरभऱ्याची कोवळी भाजी मूठभर काढून त्यांच्या हातात दिली. उजव्या हातानं दिली, हे इस्माईलना नंतर फार वेळा आठवलं.

दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी निमगावच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं की धर्माजीच्या बायकोचा उजवा हात मनगटापासून गेला, वाढ्यांबरोबर आत ओढला गेला. ते ऐकलं त्या दिवसापासून इस्माईलनी झाकण कापलं नाही. पण ‘कापत नाही’ एवढंच ते लोकांना सांगत. का, ते कधी बोलले नाहीत. बायकोला, अनवरीलाही नाही. पुढं टपरी मुलाच्या, रिजवानच्या हवाली केली आणि स्वतः विद्यापीठातली ही नोकरी धरली. निमगावला जाऊन एकदा त्या बाईला भेटावं, असं दरवर्षी मनात यायचं. दरवर्षी काहीतरी निमित्त निघायचं. माणसाला जायचं नसलं की निमित्तांना काय तोटा.

मग एक दिवस दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वही घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. वृषाली. तिला प्रोजेक्टसाठी कुट्टीचं झाकण करायचं होतं. गाव विचारलं, तर निमगाव सावा. हाच विषय का, ते तिनं न विचारताच सांगितलं. आईचा हात गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. “बाबांनी स्वस्तातली, बिनझाकणाची कुट्टी आणली,” ती म्हणाली. “दवाखान्यात मी विचारलं तर ते स्वतःच म्हणाले, मीच तसली आणली.” त्यानंतर बापाशी ती धड बोलली नाही. कामापुरतं हो-नाही, बस. दोन वर्षांमागं धर्माजी छातीत दुखायचं निमित्त होऊन गेले. तोवर तिच्या हातचं पाणीही त्यांनी मागितलं नाही आणि तिनं दिलं नाही.

इस्माईलनी हातातला पाना टेबलावर ठेवला. धर्माजींनी काय केलं होतं ते त्यांना तिथल्या तिथं कळलं. पोरीनं आईला बोल लावू नये म्हणून भला माणूस आपल्या अंगावर घेऊन गेला होता. आता हे बोलायचं कोणी आणि कोणत्या तोंडानं? ते गप्प बसले आणि पोरीचं काम अंगाला लावून घेतलं.

असं काम त्यांनी कोणाचंच केलं नव्हतं. पत्रा वाकवायला, भोकं पाडायला, बिजागरी बसवायला त्यांनीच तिला शिकवलं. ती डब्यातली भाकरी त्यांना अर्धी द्यायची आणि चाचा, चाचा करत मागं फिरायची. सकाळी कधी उशिरा आली तर सांगायची, आईची वेणी घालत होते. एका हातानं स्वतःचा अंबाडा बांधता येत नाही, म्हणून आठ वर्षं रोज सकाळी आईचे केस तीच विंचरते. हे ती हसत सांगायची. इस्माईल मान खाली घालून कानस चालवत राहायचे.

झाकण तयार झालं. दिसायला सुरेख, निळ्या रंगाचं, त्यावर नंबर ठोकलेला. पण इस्माईलना ते एका नजरेत ओळखू आलं. आपण आयुष्यभर जे कापलं त्याचंच ते धाकटं भावंड होतं. वाढे याच्याखाली अडकणार, बाया ते काढून टाकणार, हे त्यांना समोर दिसत होतं. लॅबमधली चाचणी मात्र कडब्यावर झाली, कारण फाट्यावर कडबा विकत मिळत होता. एकदा ते म्हणाले, “बेटा, वाढे घालून बघ की.” ती म्हणाली, बघू चाचा, आता परीक्षक यायचेत. कडब्यावर तर मस्त चालतंय, लोक कशाला काढतील? या प्रश्नाचं उत्तर जगात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण ते द्यायचं म्हणजे मागची सगळी वर्षं तिच्यापुढं ओतायची. त्यांनी रंगाचा डबा बंद केला. त्यांच्या आयुष्यातली मोठी चूक कोणती म्हणाल, तर गॅस कटर धरला ती नव्हे. त्या दिवशी डबा बंद केला ती.

प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं. व्यासपीठावर वृषालीनं सांगितलं की जुन्या कुट्ट्यांना झाकणच नसतं, म्हणून हात जातात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्यापीठानं तशी वीस झाकणं करून निमगावात आणि शेजारच्या गावांत फुकट बसवून दिली. मग ऊसतोड सुरू झाली आणि वाढ्यांच्या मोळ्या घरोघर येऊन पडल्या.

एका रविवारी इस्माईल टपरीवर गेले, तर भंगाराच्या ढिगात निळा पत्रा दिसला. वर नंबर, सात. खाली अकरा. त्याखाली आणखी एक. कटरनं उडवलेले, आणि कापलेल्या जागी कानस फिरवलेली. रिजवानला विचारलं तर तो सरळच बोलला. लोक म्हणाले वाढं अडकतंय, काढा. काढलं. कड घासून दिली, तुम्हीच शिकवलंय तसं. रिजवानचा यात काही दोष नव्हता. बापानं काम सोडलं, पण का सोडलं ते पोराला कुठं सांगितलं होतं? त्या दिवशी मात्र इस्माईलनी मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. ऐकून रिजवाननं गॅसची टाकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी ते तिन्ही पत्रे पोत्यात घालून इस्माईल एसटीनं फाट्यावर उतरले. शेडमध्ये जाऊन त्यांनी पोतं वृषालीच्या टेबलावर ठेवलं. तिनं एकेक तुकडा उचलून बघितला. कोणी कापलं, तिनं विचारलं. “माझ्या पोरानं. त्याला मी शिकवलं,” इस्माईल म्हणाले. आणि मग थांबले नाहीत. नव्या कुट्ट्या नारळाआधी आपल्याकडं कशा यायच्या, किती वर्षं यायच्या, झाकण का नको असायचं, वाढ्याला वाट का मिळत नाही, सगळं सांगून टाकलं. वृषालीनं ते पेननं लिहून घ्यायला सुरुवात केली होती. अर्ध्यात तिचं पेन थांबलं.

“आमची?” तिनं विचारलं.

“तुमची बी.”

“झाकण होतं तिला?”

“व्हतं.”

तिनं पेन खाली ठेवलं. मग तिनं तेच विचारलं ज्याला ते भीत होते. “बाबांनी सांगितलं कापायला?”

मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं होतं. धर्माजी काही उठून नाही म्हणायला येणार नव्हते. आणि खरं सांगावं, तर उद्या सकाळी ही पोर आईच्या केसांना हात लावताना काय करील? इस्माईलना साळुबाई टेम्पोतून उतरताना दिसल्या, मूठभर हरभऱ्याची भाजी दिसली.

“कुणी न्हाई सांगितलं,” ते म्हणाले. “तुजा बाप नको म्हनत व्हता. मीच कापलं. सवय व्हती हाताला.”

वृषाली खाली बसली. तिला इस्माईलचा राग नंतर आला. आधी तिला बाप आठवला. ओसरीवर एकटा जेवणारा, ती आली की पाय आखडून वाट देणारा. ती तोंड झाकून इतकी रडली की पलीकडच्या टेबलावरची पोरं मशिनं बंद करून उभी राहिली. इस्माईलनी पुढं केलेला पाण्याचा ग्लास तिनं घेतला नाही.

त्यानंतर ती त्यांना चाचा म्हणाली नाही. काम असलं की कागदावर ‘श्री. शेख यांस’ असं लिहून मापं टेबलावर ठेवून जायची. मापं मात्र आता अचूक होती. तिनं टेम्पोभर ओले वाढे आणवले आणि आठ दिवस तेच घालून बघितले. नव्या झाकणाचं तोंड रुंद होतं, वाढ्याला मोकळी वाट होती आणि तोंडापासून पात्यांपर्यंतची नळी हाताहून लांब होती. इस्माईलनी ते कागदावरच्या मापानं करून दिलं. ऊस संपत आला तरी नवं एकही झाकण रिजवानकडं कापायला आलं नाही. आलं असतं तरी त्यानं कापलं नसतं.

निमगावात शेवटचं झाकण वृषालीच्याच घरी बसवायचं होतं. वेल्डिंगला माणूस हवा, म्हणून इस्माईलना जावंच लागलं. आठ वर्षं टाळलेलं घर असं समोर आलं. काम आटोपेपर्यंत साळुबाई आतच होत्या. मग डाव्या हातात चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि तो त्यांनी आधी इस्माईलपुढं धरला.

“त्यांना कशाला देतेस, आई?” वृषाली म्हणाली. “त्यांनीच तुझा हात घेतला.”

कप तसाच राहिला. साळुबाईंचे ओठ हलले. इस्माईलनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. चहा जमत नाही हल्ली, पित्त होतं, असं काहीसं पुटपुटून ते हत्यारं पिशवीत भरायला लागले. वृषाली शेताला सोडलेलं पाणी बंद करायला विहिरीकडं गेली, तेवढ्यात साळुबाई जवळ आल्या.

“भाऊ, खरं मी सांगायला पायजे. ह्ये जित्ते व्हते तवाच सांगायला पायजे व्हतं,” त्या म्हणाल्या. “रोज इचार करती. पन ती केसाला हात लावती तवा अंगात बळच ऱ्हात न्हाई.”

“ऱ्हाऊ द्या, ताई.”

“तुमी का घेतलं अंगावर?”

“कापलं तर मीच ना,” इस्माईल म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली.

फाट्याकडं जाणारी गाडी सुटायला वेळ होता. ते रस्त्याकडेला बाभळीखाली उभे राहिले. तिथून धर्माजींची ओसरी दिसत होती. वृषाली विहिरीवरून परत आली, हात पुसले आणि आईच्या मागं बसली. कामाच्या गडबडीत सकाळची वेणी राहिली असावी. ती सावकाश, गुंता सोडवत विंचरत होती आणि मधून आईच्या खांद्यावर हात ठेवत होती. साळुबाईंनी एकदाही रस्त्याकडं बघितलं नाही. मान वळवता येत नव्हती, केस पोरीच्या हातात होते.

गाडी आली. इस्माईल चढले आणि पलीकडच्या बाजूची खिडकी बघून बसले.