हात न लावता

माझ्या आत्याला आमची सगळी इमारत खुडबुडी म्हणायची. आधी पाठीमागे म्हणायचे, मग कुणीतरी चुकून तोंडावर म्हणालं. आत्याला ते नाव इतकं पसंत पडलं, की पुढे तिचं खरं नाव फक्त कारखान्याच्या हजेरीत उरलं.

ती शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या यंत्रावर बसायची. यंत्र अडलं की मेकॅनिक यायचा, तिला बाजूला व्हायला सांगायचा आणि तिच्याकडे पाठ करून झाकण उघडायचा. आत काय आहे ते तिला कधी दिसायचंच नाही. दिवसभर ज्याच्यापुढे मान मोडून बसायचं त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसावं, हे तिला फार लागायचं. मग ती घरी येऊन जे हाताला लागेल ते उघडायची.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माझे बाबा, आई, मी आणि आत्या. आत्यानं लग्न केलं नव्हतं, आणि बाबा गमतीनं म्हणायचे की केलं असतं तर नवऱ्याचेही स्क्रू सैल करून पाहिले असते.

तिच्या हातचं पहिलं काम गजराच्या घड्याळाचं. ते मागे पडायचं. तिनं ते वर्तमानपत्रावर उघडलं, एकेक चाक पुसलं, पुन्हा बसवलं, आणि दोन बारीक तुकडे उरले. तरीही घड्याळ चालू झालं. पण ते फक्त पालथं ठेवलं तरच चालायचं. उभं केलं की थांबायचं. त्यामुळे वेळ बघायची असेल तर ते उचलायचं, चटकन बघायचं आणि पुन्हा तोंडावर निजवायचं. उरलेले तुकडे आत्यानं एका डबीत घातले आणि म्हणाली, नसतानाही चालतंय म्हणजे यांची गरज नसणार.

आत्याच्या सगळ्या दुरुस्त्यांचं असंच होतं. वस्तू चालायची, पण अटींवर. पंखा चालू करून त्याला झाडूच्या दांड्यानं एक धक्का द्यावा लागे. न्हाणीघरातला नळ उलटा फिरवला की उघडायचा, त्यामुळे नवखा माणूस तो बंद करायला जाई आणि भिजून बाहेर येई. मिक्सरला बटण नव्हतंच, कारण ते टेबलावरच्या दिव्याला गेलं होतं. मिक्सरची पिन भिंतीत खोचली की तो एकदम गरजायचा. आमच्याकडे पाहुणा आला की आई आधी पाणी द्यायची आणि मग सूचना.

आई तक्रार करायची नाही असं नाही. पण आत्या एखादी वस्तू उघडून बसली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघून आईचा राग अर्ध्यावर येऊन थांबायचा. भूक, तहान, कारखान्यातला दिवस, सगळं विसरून ती आत डोकावत असायची. दुरुस्ती हा नुसता बहाणा होता. तिला बघायचं असायचं. एकदा दिसलं की तिचा रस संपायचा आणि मग ती हाताला येईल ते वापरून झाकण लावून टाकायची. रबर, चिकटपट्टी, काजांचा दोरा, काय वाट्टेल ते.

त्या दोऱ्यानंच घात केला.

आमच्या न्हाणीघरातल्या कपडे धुवायच्या मशीनमधलं पाणी बाहेर जाईना झालं होतं. आत्यानं मागची पत्र्याची पाठ काढली, सांडपाण्याचा पाइप सोडवला आणि त्यात अडकलेला माझा केसांचा चाप बाहेर काढला. इथपर्यंत तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण पाइप परत बसवताना त्याची लोखंडी पकड तुटली. नवी पकड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली असती. आत्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि वरून काजांचा दोरा करकचून बांधला. म्हणाली, शर्ट फाटेल पण हा दोरा सुटणार नाही. कित्येक महिने तो सुटला नाही, हेही खरं.

मग एका सकाळी आई मशीन लावून भाजी आणायला गेली. परत आली तेव्हा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. त्यांच्या हातात बुटांचा एक खोका होता आणि त्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

"वरून पाणी येतंय," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

काकूंचा घरातच पुठ्ठ्याचे खोके बनवायचा उद्योग होता. आधी नवरा-बायको मिळून करायचे, काका गेल्यापासून काकू एकट्याच. बाहेरच्या खोलीत छतापर्यंत खोक्यांच्या चळती, मधोमध पुठ्ठा कापायचं लोखंडी यंत्र, आणि बसायला एक स्टूल. बुटांच्या दुकानाला द्यायचे तयार खोके आमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली रचले होते. आम्ही खाली गेलो तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. वरचे खोके खालच्यांवर बसून सगळी चळत एखाद्या थकल्या माणसासारखी भिंतीला टेकली होती.

संध्याकाळी आत्या कारखान्यातून आली. तिनं मशीनच्या मागे वाकून पाहिलं. ट्यूब गरम पाण्यानं सैल पडली होती, दोरा जागच्या जागी होता. "दोरा नाही सुटला," ती पुटपुटली, आणि ते ऐकून बाबांचा संयम सुटला.

बाबा तिच्यावर कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं. "आपण भिजलो असतो तर मी हसलो असतो," ते म्हणाले. "पण त्या बाईचं पोट त्यावर आहे. आजपासून या घरात तू एकही वस्तू उघडायची नाहीस. शब्द दे."

आत्यानं शब्द दिला. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, चिकटपट्टी, सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरून बाबांच्या स्वाधीन केलं. मग ती खाली गेली आणि काकूंना म्हणाली की ती दर संध्याकाळी येऊन खोके घडी करून देईल, भिजले तेवढे भरून निघेपर्यंत. काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि स्टूल पुढे सरकवलं.

घरात पंखा, नळ, मिक्सर एकेक करून रीतसर दुरुस्त झाले. आईला सुख वाटायला हवं होतं. पण आत्या जेवताना गप्प बसायची आणि भिंतीवरचं बटण दाबताना दिव्याकडे न बघता खाली बघायची. आई एकदा बाबांना म्हणाली की घर नीट चालतंय, पण हिचं काहीतरी बंद पडलंय.

खाली मात्र वेगळीच अडचण उभी राहिली होती. पाणी पडल्यापासून काकूंचं यंत्र वाकडं कापायला लागलं होतं. पुठ्ठा पट्टीला टेकवायचा, लांब दांडा खाली ओढायचा, की पातं तो कापणार, असं ते साधं यंत्र. पण आता प्रत्येक तुकडा एका टोकाला किंचित निमुळता निघायचा. डोळ्याला दिसायचं नाही इतका, पण खोका घडी केला की झाकण बसायचं नाही. मेकॅनिक येऊन गेला. पातं बोथट झालंच होतं, ते त्यानं बदललं. तुकडे गुळगुळीत निघायला लागले, पण वाकडे ते वाकडेच.

काकू प्रत्येक तुकडा कात्रीनं सरळ करत बसायच्या. शेजारी बसून आत्या खोके घडी करायची आणि तिची नजर पुन्हा पुन्हा यंत्राकडे जायची. तिनं हात लावला नाही. शब्द दिला होता, आणि मनातून ती घाबरलीही होती. आपण हात लावलेली वस्तू बिघडते, असं तिला आता खरंच वाटायला लागलं होतं.

काकूंना हे दिसत होतं. एका संध्याकाळी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"बघ एकदाची," त्या म्हणाल्या. "हात मात्र लावू नकोस."

"मग बघून काय उपयोग?"

"ते मला काय माहीत. पण तुझी मान दुखायला लागेल अशी चोरून बघून."

आत्या उठली. हात पाठीमागे धरले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडून, आणि यंत्राभोवती फिरायला लागली. पुढे तिनं मला सांगितलं की उघडायची सोय नसताना एखाद्या वस्तूकडे बघायची तिची ती पहिलीच वेळ होती. एरवी ती यंत्र बंद करून उघडायची, म्हणजे चालताना ते काय करतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं काकूंना दांडा ओढायला सांगितलं. पुन्हा ओढायला सांगितलं. काकू ओढत राहिल्या, ती बघत राहिली. आधी तिला वाटलं पुठ्ठा दाबून धरणारी पट्टी सैल आहे. काकूंनी तिच्या सांगण्यावरून ती आवळली. काही फरक नाही. मग वाटलं पातंच तिरकं बसलंय. तेही नाही. त्या दिवशी ती हात हलवत वर आली, पण जेवताना बोलली. पात्याबद्दलच बोलली. बाबांनी आईकडे पाहिलं.

असे बरेच दिवस गेले. एकदा काकू पुठ्ठा आणायला आत गेल्या होत्या. आत्याच्या कामावरच्या झग्याच्या खिशात कारखान्यातलं एक बटण राहिलं होतं. तिनं ते सहज यंत्राच्या टेबलावर कडेवर उभं केलं. बटण घरंगळत एका कोपऱ्याकडे गेलं आणि खाली पडलं. तिनं दुसऱ्या बाजूनं सोडलं. ते वळून त्याच कोपऱ्याला गेलं.

काकू बाहेर आल्या तेव्हा आत्या जमिनीवर पालथी पडली होती, गाल फरशीला लावून.

"काकू, ओढा दांडा," ती तिथूनच म्हणाली.

काकूंनी ओढला. यंत्राचा एक पाय जरासा खाली गेला आणि वर आला. यंत्र त्या बाजूला कलत होतं आणि पुठ्ठा पट्टीपासून केसभर सुटत होता. यंत्र ठणठणीत होतं. वाकडी होती ती जमीन. खोलीला उतार होता आणि त्या एका पायाखाली कुणीतरी काहीतरी सरकवलं होतं.

दोघींनी मिळून यंत्र पहारीनं उचललं. हात लावायचा नाही, हे त्या क्षणी दोघीही विसरल्या. पायाखालून निघाली ती पुठ्ठ्याची जाड गादी. एकावर एक तुकडे नीट चिकटवलेले, चारही बाजूंनी खोक्याच्या कडेला लावतात तशी कागदी पट्टी लावलेली. पाण्यानं भिजून ती एका बाजूनं चेपली होती.

काकूंनी ती हातात घेतली. यंत्र आलं तेव्हा ते डुगडुगायचं, हे त्यांना आठवलं. मग एक दिवस डुगडुगायचं थांबलं. काका म्हणाले होते की त्यांनी मेकॅनिकला बोलावलं होतं.

"मेकॅनिक," काकू म्हणाल्या. "हा बघ यांचा मेकॅनिक."

त्या हसत होत्या, आणि पदर डोळ्यांना लावत होत्या. आत्या त्यांच्या हातातल्या त्या गादीकडे बघत राहिली. मला ती नंतर म्हणाली, कुणाच्या तरी अशा कामावर इतकी वर्षं कुणाचं तरी घर चालू शकतं, हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण लगेच पुढे म्हणाली, फक्त पाणी पडायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून सागवानी ठोकळा बसवून घेतला. आत्या हात पाठीमागे धरून उभी राहिली आणि त्याला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, बाई, तुम्हीच करा. तिनं मान हलवली. ठोकळा बसला, यंत्र सरळ कापायला लागलं, आणि काकूंनी कात्री खिळ्याला अडकवून टाकली.

भिजलेले खोके कधीच भरून निघाले होते. पण आत्याचं खाली जाणं थांबलं नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर ती सकाळीच जायला लागली. आमच्या घरी काही बिघडलं की ती त्याच्यासमोर स्टूल टाकून बसते, चालवून बघते, ऐकते, आणि मग मेकॅनिकला काय झालंय ते सांगते. निम्म्या वेळा तिचं चुकतं. मेकॅनिक मात्र आता झाकण उघडताना तिच्याकडे पाठ करत नाही. तिला दिसेल असा बसतो.

बाबांना दिलेला शब्द तिनं आजवर पाळला आहे. पण तो शब्द आमच्या घरापुरता होता, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. मागच्या हिवाळ्यात काकूंच्या मोरीतला नळ गळायला लागला. काकू म्हणाल्या, प्लंबरला कशाला, तूच बघ की. आत्यानं तो उघडला, पोटभर आत पाहिलं आणि बंद केला. नळ पहिल्यापेक्षा कमी गळतो. काकूंनी त्याच्याखाली एक बादली ठेवली आहे. ती भरली की त्या पाण्यात पुठ्ठा चिकटवायची खळ भिजवतात आणि पुढच्या खोक्याला लागतात.