आपल्या कॉलेजात घालू नका म्हणणाऱ्या मॅडम

रहांगडाले मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हे पुस्तक निघत आहे. प्राध्यापक मंडळी त्यांच्या अभ्यासाबद्दल लिहितील. मी सातवी शिकलेली, तिरोड्याच्या याच कॉलेजात शिपाई. मला माहीत आहे तेवढंच लिहिते.

कामावर लागली त्या पहिल्याच दिवशी वर्ग उघडायला मला उशीर झाला. समाजशास्त्राच्या मॅडम दाराशी उभ्या. म्हणाल्या, "उद्या पाच मिनिटं आधी या. पोरी बांधावरून पायी येतात, त्यांना बाहेर उभं ठेवायचं नाही." एवढंच बोलल्या. ती आमची ओळख.

माझी पायल बारावी झाली. तिला समाजशास्त्रच पाहिजे होतं. डोळ्यासमोर राहील म्हणून मी इथलाच फॉर्म घेऊन मॅडमकडे गेली. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"इथं घालू नका, निर्मलाबाई."

"काऊन जी? तुमीच त शिकवता."

"मी दोन वर्षं आहे. माझी जागा भरतील असं दिसत नाही. तिसऱ्या वर्षी पोरीला कोण शिकवेल?"

मला राग आला. इकडे कॉलेज निवडायची रीत सगळ्यांना माहीत आहे. हजेरी लागत नाही ते कॉलेज चांगलं. नाव घालायचं, पोरगी घरकामाला, परीक्षेपुरतं जायचं. माझ्या नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं.

तरी मॅडम रजा काढून मला आणि पायलला गोंदियाला घेऊन गेल्या, रोज वर्ग भरणारं कॉलेज शोधायला. ऊन असं की जीव नको झाला. त्या एकाही प्राचार्यांना भेटल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुम्ही आत जा. वर्ग खरंच भरतो का ते शिपायाला विचारा. तुमच्याशी तो खोटं बोलणार नाही."

पहिल्या ठिकाणचा शिपाई हसला. "सोशियोलॉजी? बाई, एग्जाम में आना." दुसरीकडे त्या खोलीत खेळाचं सामान भरलेलं. तिसरीकडची बाई वैतागून होती. "रोज भरते वो बाई. ते सर येक दिवस सुटी मारत नाही. मले चाय पिऊ देत नाही."

मी बाहेर येऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "इथंच."

पायलसारख्या आणखी पोरीही मॅडमनी गोंदियाला पाठवल्या, म्हणून त्या वर्षी आमच्याकडे समाजशास्त्राला मुलं कमी पडली. संस्थेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हीच मुली बाहेर पाठवता?"

"हो. पुढं शिकवणारा आणा, परत बोलावते."

कोणी आणला नाही. मॅडम रिटायर झाल्या आणि विषय बंद झाला. ज्या पोरींना रोज गोंदियाला जाणं जमत नाही त्यांचं राहून गेलं, हेही लिहायला पाहिजे. मॅडम कधी मलाच विचारतात, "चुकलं का माझं?"

मॅडम रिटायर व्हायच्या आधीची गोष्ट. दुसऱ्या वर्षाला असताना पायल रोजच्या गाडीला थकली. "मी नाही जात आता," म्हणाली. मीही थकली होती, नको जाऊ म्हणणार होती. मॅडमनी काही समजावलं नाही. गुडघे दुखत असताना रजा टाकून आठ दिवस तिच्यासोबत गाडीनं गेल्या, वर्गापर्यंत सोडून परत आल्या. नवव्या दिवशी पायल एकटी गेली. आता शेवटच्या वर्षाला आहे.

मॅडमना भरपूर आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो आणि दुपारची झोप मिळो. ती त्यांना मिळत नाही, कारण पोरींच्या आया फॉर्म घेऊन त्यांच्या ओसरीवर बसून राहतात. यंदा त्यांच्याकडे जाऊ नका. माझ्याकडे या. मी घेऊन जाते गोंदियाला.