न ऐकलेलं क्रियापद लिहिणारा

ठाण्याला आमच्या ओसरीवर एक गोरा पंडित चार दिवस येत होता, माझ्या सासऱ्यांकडून संस्कृत धातू पडताळून घ्यायला. सासरे ‘वेद्मि, वेत्सि, वेत्ति’ म्हणत. तो दाढी चिमटीत धरून ऐके. मग रशियाकडच्या पाच-सहा भाषांतली ‘जाणणे’ची रूपं शेजारी मांडून तो त्यांच्या लोपलेल्या मूळ भाषेतलं क्रियापद जुळवी: वेमि, वेसि, वेस्ति. ते कुणीच ऐकलेलं नाही, म्हणून लिहिताना त्याच्यापुढे एक चांदणीची खूण काढी.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. अक्कल बेताची, तोरा भारी. सुनेनं परपुरुषाशी बोलायचं नाही, म्हणून सासूबाईंनाच ऐकवलं, पण ओसरीवर पोचेल असं: “न ऐकलेलं लिहायचं, म्हणजे थापाच की हो.”

तोही रीत शिकलेला. भिंतीकडे बघत मोडक्या मराठीत म्हणाला, “सासूबाई, सूनबाईंना सांगा. आई गेली, तरी लेकी शेजारी बसवल्या की आई थोडी दिसते.”

मी तान्ही असतानाच आई गेलेली. ती दिसायची कशी, हे विचारायचीही मला लाज वाटे. आम्ही तिघी बहिणी तीन घरी वाढलेल्या.

संक्रांतीला कल्याणात आत्याकडे मी हट्टानं आम्हा तिघींना एका ओळीत बसवलं. या खुळेपणावर आम्हीच हसत सुटलो, आणि तिघींचाही डावा डोळा मिटला.

आत्याच्या हातातलं तिळगुळाचं ताट तिरपं झालं. “अगं, वहिनी अशीच हसायची.”

मग संध्याकाळभर आम्ही एकमेकींना हसवत राहिलो, आईला बघायला.