उडी मारणारा एडिटर आणि सासऱ्यांचा वजनकाटा

प्रोग्रामिंग येणाऱ्या जावयाला सासऱ्यानं धंद्यापासून लांब ठेवावं.

ढोकीच्या रस्त्याला आमच्या सासऱ्यांचा वजनकाटा आहे. त्याचा प्रोग्राम मी लिहिलाय. (फुकट. म्हणून तर चालवून घेतला!) गेल्या हंगामात मी त्यात एक किरकोळ ‘सुधारणा’ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उसानं भरलेली ट्रॉली रिकाम्या ट्रॉलीपेक्षा हलकी भरायला लागली!

"जावईबापू, वजन उणं दाखवतंय," सासरे म्हणाले. "रांग लागलीया बाहेर."

"पाच मिनिटं, मामा!"

चूक शोधायला कोड खालीवर सरकवत बसणं हा शुद्ध अडाणीपणा, असं माझं ठाम मत. तसं करणाऱ्यांची मी ऑफिसात यथेच्छ टवाळी करतो. म्हणून काट्यावरच्या कॉम्प्युटरवर मी आधी कोडमधून फिरायची साधनं बसवायला घेतली. एखाद्या नावावर कर्सर ठेवून कळ दाबली, की ते नाव मुळात जिथं लिहिलंय तिथं एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, थेट उडी मारतो.

"मग मारा की चुकीवर उडी!"

"त्याआधी सगळ्या कोडची सूची बनवावी लागते, मामा."

"केवढा हाय कोड?"

"दोन-तीन पानं."

सासरे पाणी घातलेल्या दुधाकडं बघतात तसं बघून बाहेर गेले.

मी उत्साहाच्या भरात अख्ख्या कॉम्प्युटरचीच सूची बनवायला लावली. आतला पंखा मळणीयंत्रासारखा घरघरायला लागला. बाहेर हॉर्न! एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं घातलं.

"सायेब, व्हतंय का न्हाय? ऊस वाळून चिपाड व्हायलाय!"

"तुम्हाला नाही कळायचं ते," मी तुच्छतेनं म्हणालो.

अखेर सूची झाली आणि एडिटरनं उडी मारली! मी कोड दुरुस्त केला. वजन उणंच. पुन्हा दुरुस्त केला. उणंच! मग मी सगळं खोडून नव्यानं लिहिलं. इतकं देखणं, की ऑफिसात फ्रेम करून लावावं. वजन जागचं हललं नाही.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली.

"अहो, हे वरती काय लिहिलंय?"

"फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते."

"मग त्यात ‘जुना’ का लिहिलंय?"

मी वरची ओळ पुन्हा वाचली. सुधारणेआधी जपून ठेवलेली प्रतही सूचीत घुसली होती आणि एडिटर इमानेइतबारे तिच्यावर उडी मारत होता. म्हणजे जो कोड बरोबर होता, तोच मी सकाळपासून दुरुस्त करत होतो! आणि आता तोही बिघडला होता.

शेवटी खरा कोड उघडून अडाण्यासारखा खालीवर सरकवला. भरल्या वजनातून रिकामं वजन वजा करताना दोन आकडे उलटे पडले होते. लगेच सापडलं.

विजयी मुद्रेनं बाहेर आलो, तर सगळी रांग पुढच्या काट्यावर गेलेली. मघाचा ड्रायव्हर तेवढा थांबला होता. त्याचं डिझेल संपलं होतं.

"आण्णा, ह्ये सायेब कोण?" त्यानं सासऱ्यांना विचारलं.

"पुण्याचं पाव्हणं हायेत," सासरे रस्त्याकडं बघत म्हणाले. "काटा बघायला आलेत."

‘जावई’ हा शब्द त्यांनी सफाईनं गाळला. काट्यावरची तेवढी एकच दुरुस्ती त्या दिवशी पहिल्या फटक्यात जमली!