गोरोन्वी गेला त्या दिवशी काम बंद

इदवाल भावजींबद्दल कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: हेकट माणूस! नवऱ्याचे थोरले भाऊ म्हणून अहोजाहो करते, नाहीतर कधीच चांगलं खडसावलं असतं.

पंधराव्या वर्षी ते खाणीत गेले आणि खाण बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. छपरासाठी पाटीचा दगड फोडण्यात सगळ्या खोऱ्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओला ठोकळा मांडीला टेकवायचा, रुंद छिन्नी लावायची, लाकडी हातोडा हलकेच मारायचा, की वहीची पानं सुटावीत तसा दगड सुटायचा. पुढे एका संस्थेनं खाण पाहायला खुली केली. भावजी शेडमध्ये लोकांना दगड फोडून दाखवायचे, मी खिडकीत बसून तिकिटं द्यायचे. बाहेर ओकच्या झाडीतून निसर्गवाट केलेली. जागोजागी फलक: हे शेवाळ, हे नेचं, हा लाल चोचीचा कावळा. लोक त्या कावळ्यापाशी दहा मिनिटं उभे राहायचे आणि भावजींपाशी तीन. माझ्या डोक्यात तिडीक जायची. भावजी म्हणायचे, "जाऊ दे गं नेस्टा, कावळा माझ्यापेक्षा देखणा आहे."

मग संस्थेच्या डोक्यात आलं, शेड बंद करून तिथे कॉफीचं दुकान काढावं. भावजींनी दोन वर्षं पत्रांवर पत्रं लिहिली. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी! पण शेवटी कमिटी यायला तयार झाली. बुधवारी, अकरा वाजता. काम पसंत पडलं तर शेड राहणार होती, शिवाय भावजींना दोन माणसं शिकवायला मिळणार होती. वाळलेला दगड नीट सुटत नाही, म्हणून आठवडाभर भावजी ठोकळ्यांवरची गोणपाटं भिजवत होते. तान्ह्या पोराचं करावं तसं.

बुधवारी साडेनऊला फोन आला. गोरोन्वी पहाटे गेला, त्याची बायको लोवरी सांगत होती. तीस वर्षं दोघं एकाच टोळीत होते. गोरोन्वीनं आत कडा फोडायचा, भावजींनी बाहेर दगड सोलायचा. जुन्या लोकांत हे दोघंच उरले होते.

मी शेडमध्ये जाऊन सांगितलं. भावजींनी छिन्नी खाली ठेवली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"कुठे निघालात?"

"खाली. लोवरीकडे. गोरोन्वी गेला, आज काम बंद."

मी कपाळावर हात मारला. खाणीत माणूस मेला की सगळ्यांनी हत्यारं ठेवून खाली उतरायचं, मग मालक त्या दिवसाचा पगार कापो नाहीतर काहीही करो, हा आमच्याकडचा रिवाज. पण खाण चालू होती तेव्हाचा!

"अहो, तो काय खाणीत मेला? अंथरुणात मेला!"

"छातीत धूळ कुठली होती? अंथरुणातली?"

"अकराला कमिटी येतेय, भावजी! दोन वर्षं डोकं खाल्लंत ना त्यांचं? अर्धा तास दगड फोडा आणि जा. गोरोन्वी काही पळून जात नाही."

बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. भावजी कोटाची बटणं लावत राहिले.

"तुझा तुडुर गेला तेव्हा चारशे माणसं खाली उतरली, नेस्टा. कुणी म्हणालं का, अर्ध्या तासानं येतो?"

नवऱ्याचा खाणीत जीव गेला तेव्हा तेवीस वर्षांची होते मी.

"गोरोन्वीसाठी उतरायला मी एकटाच आहे," म्हणाले, आणि निघाले.

मी तिकिटाची खिडकी धाडकन लावली, 'बंद' अशी पाटी अडकवली आणि त्यांच्यामागून निघाले. वाटभर पुटपुटत होते. गुडघे दुखत होते, पावसाची भुरभुर चालू होती, आणि हा माणूस मागे वळूनही बघेना.

कावळ्याच्या फलकापाशी कमिटी भेटली. छत्र्या, नवे बूट, सगळी हसतमुख. अध्यक्षबाईंनी विचारलं, "प्रात्यक्षिक अकरालाच ना?"

भावजींनी टोपी काढली. "आज खाण बंद आहे, बाई."

"खाण तर तीस वर्षं बंद आहे!" बाई हसल्या.

भावजी हसले नाहीत. टोपी हातातच धरून पुढे चालू लागले. दोन वाक्यांत समजावून सांगितलं असतं तर बाईंना कळलं असतं, आणि तेवढं बोलणं माझंच काम होतं. पण मला दम लागला होता आणि राग तर असा आला होता की कुणाचा ते कळत नव्हतं. "आमचं माणूस गेलंय," एवढंच म्हणाले आणि भावजींना गाठायला धावले.

वसंतात शेडमध्ये कॉफीचं दुकान निघालं. केक चांगला मिळतो म्हणे. भावजी घरी बसून असतात आणि मी अजून त्यांच्याशी त्यावरून भांडते.

त्या दिवशी खाली पोचलो तेव्हा लोवरी दारात उभी होती, काळा झगा घालून. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे, वर, वाटेकडे पाहत राहिली.

"बाकीचे?"

"आम्ही दोघंच, लोवरी," भावजी म्हणाले.